आईच्या हातची, बापाच्या जिभेची

मराठी ललित गद्यात काही शब्दप्रयोग असे आहेत, की ते उच्चारले गेले की टीकाकाराने लेखणी खाली ठेवून नमस्कार करावा अशी अपेक्षा असते. 'आईच्या हातची चव' हा त्यांपैकी एक. आत्मचरित्रांत, दिवाळी अंकांतील स्मरणलेखांत, वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्यांत, सातासमुद्रापार बसून लिहिलेल्या गावाकडच्या आठवणींत ही चव ठरलेल्या जागी येते. लेखक चाळिशी ओलांडतो, एखाद्या संध्याकाळी त्याला आमटीचा किंवा भाजल्या भाकरीचा वास येतो आणि पुढचे दोन परिच्छेद डोळे पुसण्यात जातात. या प्रांतात प्रश्न विचारणे कृतघ्नपणाचे मानले जाते.

आम्हांला तो कृतघ्नपणा करायचा आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे. हात आईचा असतो, याविषयी वाद नाही. परंतु त्या हाताने जी चव घडवली, ती बहुसंख्य मराठी घरांत बापाच्या जिभेला विचारून घडवलेली होती. आणि मुलांनी ती उचलली तीही बापाच्या ताटाकडे पाहून. आई स्वतः काय खाते, किती खाते, तिला काय आवडते, हे मुलांनी फारसे पाहिलेच नाही, कारण ती जेवायला बसे तेव्हा मुले आंचवून उठलेली असत. असे असूनही श्रेय आणि दोष दोन्ही आपण आईच्या खात्यावर मांडत आलो आहोत. मूल पानातले सगळे खात असेल तर ते आईचे वळण. नाक मुरडत असेल तर ते आईचे लाड. हा हिशेब खोटा आहे. आणि तो खोटा असल्याचे इतरांच्या आधी साहित्याच्या अभ्यासकांच्या ध्यानात यायला हवे होते, कारण पुरावा आपण शिकवतो त्याच पुस्तकांत आहे.

'श्यामची आई'पासूनच सुरुवात करू. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यातील 'अळणी भाजी' हे प्रकरण ठाऊक नाही असा मराठीचा शिक्षक विरळा. प्रसंग साधा आहे. आई कामाच्या गडबडीत भाजीत मीठ घालायला विसरते. वडील जेवायला बसतात, मुले बसतात. वडील भाजीविषयी तक्रारीचा एक शब्दही काढत नाहीत. मुलेही काढत नाहीत. सर्वांची जेवणे उरकल्यावर आई स्वतः जेवायला बसते, तेव्हा तिला भाजी अळणी असल्याचे कळते आणि ती हळहळते. वडिलांचा संयम मोठा आणि आईची हळहळही मोठी, असा बोध आपण वर्गात काढतो, फळ्यावर दोन मुद्दे लिहितो आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतो. आम्हीही कित्येक वर्षे हेच केले.

आता तोच प्रसंग बोध बाजूला ठेवून वाचून पाहावा. पहिला प्रश्न असा, की मुलांनी अळणी भाजी का खाल्ली? त्यांना कोणी दटावले नव्हते, समजावले नव्हते, बक्षिसाचे आमिष दाखवले नव्हते. त्या वयाच्या मुलाने बिनमिठाचा घास तोंडात घेतला तर पहिली प्रतिक्रिया काय होईल हे कोणत्याही पालकास ठाऊक आहे. मुलांनी तो घास गिळला, कारण समोर वडील गिळत होते. दुसरा प्रश्न: भाजी अळणी झाल्याचे आईला इतक्या उशिरा का कळले? कारण ती जेवत नव्हती, वाढत होती. जिने भाजी केली, तिला तिची चव घराच्या सर्वांत शेवटी कळते, हे त्या प्रकरणाच्या मध्यभागी उघडे पडलेले सत्य आहे. तिसरा प्रश्न जरा अडचणीचा आहे. वडिलांनी त्या दिवशी ताट सरकवले असते तर काय झाले असते? मुलांनीही सरकवले असते. म्हणजे वडिलांचे मौन आणि वडिलांची संभाव्य कुरकुर या एकाच सत्तेच्या दोन बाजू आहेत. त्या दिवशी ती सत्ता सौजन्याने वापरली गेली, म्हणून आपण तिला सद्गुण म्हटले.

यात साने गुरुजींवर आरोप नाही. त्यांनी कोकणातल्या एका घरातील पंगत जशी पाहिली तशी प्रांजळपणे नोंदवली. मुले पाहून शिकतात, हे त्यांनी प्रसंगातून दाखवून ठेवले. दोष आपल्या वाचनाचा आहे. आपण त्या भाजीतून संस्कार उचलला आणि पंगतीची रचना पानातच टाकून दिली.

मुले सांगितलेले खात नाहीत, पाहिलेले खातात, ही गोष्ट केवळ साहित्यातून सिद्ध होते असेही नाही. लॉरेन्स हार्पर आणि कॅरेन सँडर्स यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात लहान मुलांपुढे अनोळखी पदार्थ ठेवले. कधी मोठ्या माणसाने तो पदार्थ नुसता देऊ केला, कधी देताना स्वतःही खाल्ला. मोठे माणूस स्वतः खात असता मुले तो चाखण्यास कितीतरी अधिक राजी झाली. आणि ते माणूस परके नसून आई असेल तर आणखीच. पुढे २००५ साली एल्सा आदेसी आणि तिच्या सहकाऱ्यांनी याला एक महत्त्वाची पुस्ती जोडली. शेजारी बसलेले मोठे माणूस काहीतरी खात आहे एवढ्याने भागत नाही. ते मुलाच्या पुढ्यातल्या पदार्थासारखाच पदार्थ खात असले पाहिजे. स्वतः वेफर चघळत मुलाला पालक भरवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

'पानात टाकायचे नाही' या आपल्या लाडक्या शिस्तीची गत काय? २००६ साली एमी गॅलवे, लीअन बर्च आणि इतरांनी शाळापूर्व वयाच्या मुलांना दोन प्रकारची सुपे दिली. एका सुपाच्या वेळी 'संपव' असा तगादा लावला, दुसऱ्याच्या वेळी लावला नाही. तगाद्याचे सूप मुलांनी कमी प्यायले आणि त्याविषयी नापसंतीचे उद्गारही अधिक काढले. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ताटाशी तासन्‌तास बसवून ठेवलेल्या मुलांनी हा निष्कर्ष कोणत्याही प्रयोगशाळेवाचून सांगितला असता, पण त्यांना कोणी विचारले नाही.

याच संदर्भात क्लारा डेव्हिस या अमेरिकन डॉक्टरबाईंचा जुना प्रयोग आठवतो. १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी नुकतेच अंगावरचे दूध सुटलेल्या मुलांना आपले अन्न आपणच निवडू दिले. एकूण १५ मुले होती आणि पदार्थांची यादी ३४ जिन्नसांची होती. परिचारिकांना सक्त ताकीद होती, की मुलाने स्वतः पदार्थाकडे हात केल्याखेरीज घास द्यायचा नाही आणि आग्रह वा नापसंती सूचित होईल असे काही बोलायचे नाही. मुले उत्तम वाढली. 'मुलाच्या शरीराला सगळे कळते' असा अर्थ पुष्कळांनी यातून काढला. डेव्हिसबाईंनी मात्र १९३९ साली स्वतःच सांगून टाकले, की खरी मेख पदार्थांच्या यादीत होती. त्या यादीत साखर किंवा कारखान्यातून आलेले काही नव्हतेच. आम्हांला या प्रयोगातील दुसरी गोष्टही तितकीच बोलकी वाटते. मुलाची स्वतःची आवड काय हे पाहायचे तर आधी मोठ्यांचे चेहरे पुसावे लागतात आणि तरीही यादी मोठ्यांच्याच हाती राहते.

मग मराठी घरात ही यादी कोणाच्या हाती होती? स्वयंपाकघर हे बायकांचे राज्य, तेथे पुरुषाला कोण विचारतो, असा आक्षेप येथे हमखास घेतला जातो. करणे आणि ठरवणे यांतला फरक हा आक्षेप विसरतो. 'ह्यांना चालत नाही' हे वाक्य ज्या घरात कधीच उच्चारले गेले नाही असे घर वाचकांनी आपल्या नात्यागोत्यांत शोधून पाहावे. आमच्या घरी लाल भोपळा शिजत नसे. वडिलांना तो गिळगिळीत लागे. आम्ही भावंडेही भोपळा आवडत नाही असे शपथेवर सांगत असू, आणि त्यांपैकी एकानेही तो चाखलेला नव्हता. वडील गेल्यानंतर दुसऱ्या वर्षी एका सणाला आईने भोपळ्याचे भरीत केले आणि पहिल्यांदा आमच्या देखत पुन्हा मागून घेऊन खाल्ले. तिच्या माहेरी ते आठवड्यातून दोनदा होत असे, हे त्या दिवशी कळले. चाळीस वर्षे एका स्त्रीने रोज दोन वेळा स्वयंपाक केला आणि तिची आवड तिच्या मुलांना ठाऊक नव्हती. तिच्या 'हातच्या चवी'वर आम्ही तोवर एक लेखही लिहून मोकळे झालो होतो.

ज्या संस्कृतीने स्त्रीला 'तुला काय खावेसे वाटते' हा प्रश्न विचारण्यासाठी एक वेगळा समारंभ ठरवला, त्या संस्कृतीत असे व्हावे यात नवल नाही. डोहाळे पुरवावेत, असे आपल्याकडे आवर्जून सांगितले जाते. डोहाळजेवणाचा थाट तर विचारूच नये. परंतु ते डोहाळे तिचे मानले जात नाहीत, पोटातल्या बाळाचे मानले जातात. आंबट हवे की गोड, यावरून मुलगा की मुलगी हे ताडण्याचा चावटपणाही होतो. बाळंतपणानंतर अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपू, बाळंतशोपा हा सारा खुराक तिच्या पोटात जातो तो बाळासाठीच. बाळ वरचे खाऊ लागले की तिची पाळी संपते, आणि ती पुन्हा शेवटच्या पंगतीत जाऊन बसते.

यातला शास्त्राचा भाग तर अधिक मार्मिक आहे. फिलाडेल्फियातील मोनेल केंद्रात जूली मेनेला आणि सहकाऱ्यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही स्त्रियांना गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत, तर काहींना अंगावर पाजण्याच्या काळात गाजराचा रस नेमाने प्यायला दिला. त्यांच्या बाळांना पुढे गाजराच्या चवीचे अन्न भरवले, तेव्हा त्यांनी ज्यांच्या आयांनी नुसते पाणी प्यायले होते त्या बाळांपेक्षा कमी वेळा तोंड वाकडे केले. म्हणजे आईच्या जेवणाची चव मुलाला जन्माआधीपासून कळू लागते. कोणी म्हणेल, हे तर आमच्याच विरोधात गेले. चव आईकडूनच आली. पण गरोदर बाई ज्या कढईतले खाते, ती कढई कोणाच्या आवडीनिवडीने चढलेली असते? ज्या घरात भोपळा येतच नाही, त्या घरातल्या गर्भाला भोपळ्याची ओळख कोण करून देणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार!

आनुवंशिकतेचा आक्षेपही विचारात घेतला पाहिजे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी २००७ साली ८ ते ११ वर्षांच्या जुळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नवे अन्न नाकारण्याच्या वृत्तीतील मुलामुलांमधल्या फरकांपैकी तीन चतुर्थांशांहून थोडा अधिक वाटा त्यांनी आनुवंशिकतेच्या पदरी टाकला. हा विदा आम्ही नाकारत नाही. काही मुले जन्मतःच नव्या घासाला बिचकतात, आणि त्यांच्या आयांना ऐकवले जाणारे टोमणे म्हणूनच अधिक अन्यायाचे आहेत. परंतु हा आकडा मुलामुलांतील फरकांविषयी बोलतो, घराच्या यादीविषयी नाही. बिचकणारे मूल कशाला बिचकेल आणि कशाला सरावेल, हे त्याच्यापुढे रोज काय खाल्ले जाते यावर ठरते. कोल्हापूरच्या मुलाला तिखट आणि कोकणातल्या मुलाला सुकी मासळी गुणसूत्रांनी शिकवलेली नाही.

येथवरची चर्चा ज्या घरांत दोन वेळची चूल पेटते त्या घरांची झाली. आवडनिवड हा शब्द उच्चारण्यासाठी आधी काहीतरी पुढ्यात असावे लागते. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार ६ ते २३ महिने वयाच्या मुलांपैकी किमान पुरेसा आहार मिळणारी मुले देशभरात सुमारे ११ टक्केच होती. तेव्हा 'पालकांच्या सवयी सुधारा' हा उपदेश सरसकट वाटत सुटणे क्रूरपणाचे होईल. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी' (१९८४) या आत्मकथनातील सहलीचा प्रसंग येथे 'अळणी भाजी'च्या शेजारी ठेवून वाचावा, असे आम्ही सुचवतो. शाळेची सहल जाते. सवर्ण मुले एकीकडे जेवतात, महारांची मुले दुसरीकडे. उरलेसुरले अन्न या मुलांच्या वाट्याला येते. घरी आल्यावर हे ऐकून आई मुलाला विचारते, की माझ्यासाठी त्यातले थोडे का आणले नाहीस? आणि शाळेत गुरुजी त्याच सहलीवर निबंध लिहायला सांगतात.

दोन्ही प्रसंगांत आई उपाशी आहे किंवा मागे राहिलेली आहे. फरक असा, की श्यामची आई विचारत नाही आणि ही आई विचारते. भुकेने तिच्या तोंडावरचा मर्यादेचा पडदा काढून टाकला आहे. आपल्या समीक्षेने पहिल्या आईला वात्सल्याच्या दालनात बसवले आणि दुसरीला विद्रोहाच्या. दोघींची जेवणाची वेळ एकच आहे, हे कोणी पाहिले नाही. एकीच्या मुलाने ताटापुढे वडिलांचा अधिकार पाहिला. दुसरीच्या मुलाने ताटापलीकडे गावाचा अधिकार पाहिला. दोघेही त्या वयात जेवायला शिकत होते आणि जेवता जेवता आपली जागा शिकत होते.

हा धडा चवीच्या पलीकडे जातो तो किळसेत. मूल जन्मतः कोणत्याही जातीचे अन्न ओंगळ मानत नाही. मासळी बाजारावरून जाताना आईने नाकाला लावलेला पदर, शेजारच्या घरातून आलेल्या फोडणीवर बापाने काढलेला उद्गार, 'वशाट' या शब्दाचा सूर, एवढ्या सामग्रीवर एक आयुष्यभराची किळस उभी राहते. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' (२०१५) या पुस्तकाने मराठवाड्यातील दलितांचे अन्न आणि ते रांधण्याच्या रीती नोंदवल्या. आमच्यासारख्या वाचकांना ते पुस्तक वाचताना पहिल्या काही पानांत जे अवघडलेपण जाणवले, ते आमचे नव्हते. ते आमच्या आईबापांच्या चेहऱ्यांवरून आमच्याकडे आले होते. वाङ्मयीन अभिरुची विषयी आपण एवढे बोलतो. अभिरुची या शब्दातच रुची आहे, आणि ती वर्गात येण्यापूर्वी स्वयंपाकघरात तयार झालेली असते, हे मात्र अभ्यासक्रमात नसते.

या किळसेला घराबाहेर पडून धोरण व्हायला वेळ लागत नाही. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२३मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचे ठरवले. जे खात नाहीत त्यांना केळे वा अन्य फळ देण्याची सोयही होती. जानेवारी २०२५मध्ये शासनाने त्यासाठीचा निधी थांबवला आणि अंडी द्यायचीच तर शाळांनी लोकसहभागातून द्यावीत असे सांगितले. कारण निधीचे असेल. पण या दोन वर्षांत अंड्याविरुद्ध जो आवाज उठला, तो पालकांच्या भावनांचा होता, आणि त्यात 'आमच्या मुलाला नको' येथे न थांबता 'आमच्या मुलाच्या शेजारी नको' असे म्हटले गेले. फळाची सोय असतानाही शेजारचे अंडे का खुपावे? कारण मूल पाहून शिकते, हे त्या पालकांना आपल्यापेक्षा चांगले कळले होते. शेजारच्या मुलाला आनंदाने अंडे खाताना पाहिले तर घरच्या ताटाची सत्ता डळमळते. त्यांचे निदान अचूक होते. आमचा विरोध त्यांच्या उपचाराला आहे. आपल्या सवयीचे रक्षण करण्यासाठी दुसऱ्याच्या मुलाच्या तोंडचा घास काढण्याचा अधिकार कोणत्याही आईबापाला नाही.

आता कोणी म्हणेल, की हे सारे जुन्या घरांचे झाले. आज नवराबायको एका टेबलावर जेवतात, प्रसंगी नवरा कुकरही लावतो. खरे आहे, आणि स्वागतार्ह आहे. पण आजच्या टेबलावर मूल काय पाहते? बाप एका हाताने जेवतो, दुसऱ्या हातात फोन. आई आता दिसते, पण ती दिसते ती बहुधा नको म्हणताना: 'मला भात नको', 'मी गोड सोडले आहे', 'माझे डायट चालू आहे'. शेवटच्या पंगतीतून पहिल्या पंगतीत आलेली बाई तेथेही उपाशीच राहण्याची कारणे शोधते, आणि दहा वर्षांची मुलगी ते टक लावून पाहत असते. मुलाचे ताट तर वेगळेच असते. त्याच्यासाठी १९८३ साली आपल्याकडे आलेल्या दोन मिनिटांच्या शेवया किंवा पाकिटातले काहीतरी, आणि ते भरवण्यासाठी समोर चालू पडदा. घरात तीन माणसे तीन वेगळे पदार्थ खातात, कोणी कोणाकडे पाहत नाही, आणि मग 'आमचा काही खातच नाही हो' अशी तक्रार डॉक्टरांपासून नातेवाइकांपर्यंत सर्वांकडे केली जाते. आमचे उत्तर असे, की तो खातो. तुम्ही जसे खाता तसाच खातो: घाईत, एकट्याने, न पाहता.

आणि तरीही ही तक्रार घेऊन दवाखान्यात जाते ती आईच. समुपदेशनाचे सल्ले, भाज्या लपवून करायच्या पाककृती, डब्यांचे कल्पक साचे हे सारे तिच्यासाठी लिहिले जाते. लपवलेल्या पालकाचा पराठा खाऊन मूल काय शिकेल? पराठा खायला शिकेल; पालक ही लपवण्याची वस्तू आहे, हेही शिकेल. बापाला उद्देशून लिहिलेला, 'तुम्ही आज कारले खा, मुलाच्या देखत, चेहरा वाकडा न करता' असा एक ओळीचा सल्ला आम्ही कोठेही वाचलेला नाही. तो फुकट आहे, कदाचित म्हणूनच कोणी छापत नसेल.

सवय लागते तशी सुटते का, असा प्रश्न उरतो. सुटते, पण मोठ्यांना ती स्वतःच्या पानात सोडावी लागते. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'कडे या दृष्टीने पुन्हा पाहावे. जवळजवळ वेडाच्या थराला गेलेल्या वडिलांच्या सोवळ्यात ही मुलगी वाढली. नवरा ख्रिस्ती झाला तरी तिने आपले सोवळे कितीतरी काळ सोडले नाही. पुढे जातिभेद माणसांनी निर्माण केला, या निष्कर्षाला ती कोणाच्या उपदेशावाचून, आपल्या डोक्याने आली आणि इतरांच्या हातचे खाऊ-पिऊ लागली. एका प्रौढ स्त्रीने आपल्या बापाचे ताट आपल्या हाताने बाजूला सारले. मराठी साहित्यातले हे एक मोठे धाडस आहे. आपण मात्र त्या पुस्तकाचा उल्लेख आला की तिच्या विनोदाविषयी आणि भाषेच्या साधेपणाविषयी बोलतो.

आमची मागणी फार मोठी नाही. शिक्षकांनी पुढच्या वेळी 'अळणी भाजी' शिकवताना संयमावर येण्यापूर्वी मुलांना एवढेच विचारावे, की आई केव्हा जेवली, तोवर भाजी किती उरली होती, आणि तुमच्या घरी शेवटी कोण जेवते. वर्गात शांतता पसरेल. ती शांतता घाईघाईने बोधाने भरून काढू नये. ज्या लेखकांना 'आईच्या हातची चव' या विषयावर लिहायचे असेल, त्यांनी लिहिण्यापूर्वी एक चौकशी करावी: आईला स्वतःला काय आवडते? आई हयात असेल तर आजच विचारावे, आणि ती 'मला काय, काहीही चालते' असे म्हणाली, तर त्या उत्तरावर समाधान मानू नये. तो पदार्थ आपण करावा, तिला पहिल्या पंगतीला बसवावे, आणि ती जेवताना मुलांना समोर बसवावे.